कोपर शिकायचं कसं: नर्सिंगच्या पहिल्या वर्षासाठी, हाताला हात लावून

अ‍ॅनाटॉमीच्या तोंडी परीक्षेत मला क्युबिटल फोसाच्या, म्हणजे कोपराच्या समोरच्या खळग्याच्या, सीमा विचारल्या होत्या. त्या पाठ होत्या, मी घडाघडा म्हणून दाखवल्या. मग परीक्षक मॅडमनी स्वतःचा हात टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "आता ब्रेकियल आर्टरी दाखव." मी बोट ठेवलं ते अंगठ्याच्या बाजूला. धमनी होती करंगळीच्या बाजूला. पुढे वॉर्डात बीपी घेताना नेमकी तीच चूक झाली. स्टेथोस्कोप भलतीकडे, आवाज येईना, आणि समोरचे काका घाबरून विचारत होते, "सिस्टर, माझं बीपी लागत नाहीये का?"

माझं पाठांतर चुकलं नव्हतं. पुस्तकातलं चित्र आणि समोरच्या माणसाचा हात यांची सांगड मी कधी घातलीच नव्हती. मराठी माध्यमातून आलेल्या आमच्या वर्गात बहुतेकांचं असंच होत होतं: नावं इंग्रजी, चित्र सपाट, आणि हात मात्र गोल. म्हणून कोपराचा भाग ज्या क्रमाने मला शेवटी कळला, त्याच क्रमाने इथे देते आहे. न जमणाऱ्या गोष्टीचं आमिष दाखवलं की आपण 'कोपराला गूळ लावला' म्हणतो, कारण तिथे जीभ पोचत नाही. दुसऱ्या हाताचं बोट मात्र सहज पोचतं, आणि शिकायला तेवढं पुरतं.

सुरू करण्याआधी जवळ काय हवं

- धुऊन जाणारी दोन स्केचपेनं, लाल आणि निळं
- शिवणकामाची टेप
- स्टेथोस्कोप आणि बीपीचं यंत्र
- टूर्निकेट (शिरा फुगाव्यात म्हणून दंडाला बांधायचा पट्टा)
- डिपार्टमेंटमधून पाहायला मिळणारी तीन हाडं: ह्यूमरस (दंडाचं), रेडियस आणि अल्ना (कोपर ते मनगट, अनुक्रमे अंगठ्याच्या आणि करंगळीच्या बाजूचं)
- एक मैत्रीण किंवा मित्र. जमल्यास दोन, एक सडपातळ आणि एक भरलेल्या हाताची

या यादीत सुई नाही, हे मुद्दाम. हॉस्टेलच्या खोलीत एकमेकींना टोचून सराव करू नका. सुईचा सराव आधी मॅनिकिनच्या, म्हणजे सरावाच्या पुतळ्याच्या, हातावर, मग ट्यूटर मॅडम किंवा वॉर्डातल्या सिस्टर शेजारी उभ्या असतानाच.

१. हात आधी नीट ठेवा

सरळ उभे राहा, हात बाजूला, तळवे समोर. ही अ‍ॅनाटॉमिकल पोझिशन. पुस्तकातली सगळी 'बाहेर' आणि 'आत' या स्थितीतून मोजलेली असतात. अंगठा शरीरापासून लांब, म्हणून अंगठ्याची बाजू लॅटरल. करंगळी शरीराजवळ, म्हणून करंगळीची बाजू मीडियल.

इथे पहिला सापळा आहे. पेशंट हात पोटावर किंवा पलंगावर पालथा ठेवतो आणि अंगठा शरीराकडे येतो. तुम्ही 'शरीराकडची बाजू म्हणजे मीडियल' असं डोक्यात धरून बसलात की सगळं उलटं होतं. माझी चूक हीच होती. समोर बसलेल्या माणसाचा डावा-उजवा हात ठरवतानाही हाच घोळ होतो. म्हणून कोपरापुरते मीडियल-लॅटरल हे शब्द विसरा आणि मनात फक्त 'करंगळीची बाजू' आणि 'अंगठ्याची बाजू' म्हणा. तोंडाने उत्तर देताना इंग्रजी शब्द वापरा, शोधताना हे.

शब्दांचा आणखी एक घोळ आत्ताच निस्तरून घ्या. आपल्याकडे पेशंट 'नस' हा शब्द दोन अर्थांनी वापरतो. 'नस सापडत नाही' म्हणतो तेव्हा त्याला शीर, म्हणजे व्हेन, म्हणायची असते. 'नस दबली' म्हणतो तेव्हा मज्जातंतू, म्हणजे नर्व्ह. तुम्ही लिहिताना शीर, धमनी आणि मज्जातंतू असे तीन वेगळे शब्द ठेवा.

२. हाडांच्या खुणा बोटाने शोधा

कोपर काटकोनात वाकवा. मागचं टोकदार हाड, ज्यावर आपण टेबलावर भार देतो, ते ओलेक्रेनॉन. हा अल्नाचा वरचा भाग. आता दोन्ही बाजूंना बोटं सरकवा. करंगळीच्या बाजूला ठळक उंचवटा लागतो, तो मीडियल एपिकाँडाइल. अंगठ्याच्या बाजूचा लॅटरल एपिकाँडाइल तितका उठून दिसत नाही. हे दोन्ही ह्यूमरसचे.

या तीन जागांवर पेनाने टिंब द्या. कोपर वाकवलेलं असताना तीन टिंबांचा त्रिकोण होतो. हात सरळ केला की तिन्ही जवळपास एका आडव्या रेषेत येतात. हे मैत्रिणीच्या हातावर करून पाहाच, कारण याचा थेट उपयोग आहे: कोपराचा सांधा निखळला तर हा त्रिकोण बिघडतो, आणि ह्यूमरस कोपराच्या वर मोडलं असेल तर टिकून राहतो. निदान डॉक्टर करतील, पण ते काय चाचपताहेत हे तुम्हाला कळेल.

चौथी खूण थोडी लपलेली असते. लॅटरल एपिकाँडाइलच्या किंचित खाली आणि मागे, हात सरळ असताना, एक खळी दिसते. तिथे बोट दाबून ठेवा आणि तळवा वर-खाली फिरवा. बोटाखाली काहीतरी गोल फिरताना जाणवेल. ते रेडियसचं डोकं. मला हे पहिल्यांदा जाणवलं तेव्हा मी अर्धा तास येईल त्याचा हात धरून फिरवून बघत होते.

३. एका पिशवीत तीन सांधे

हाडांचा संच समोर ठेवा. ह्यूमरसच्या खालच्या टोकाला करंगळीच्या बाजूला विहिरीवरच्या कप्पीसारखा आकार आहे, तो ट्रॉक्लिया. अल्नाचं वरचं तोंड पान्ह्यासारखं आहे, ते या कप्पीवर बसतं. अंगठ्याच्या बाजूला सुपारीसारखा गोल कॅपिट्युलम आणि त्याच्यावर टेकणारं रेडियसचं चपटं डोकं. या दोन जोड्या मिळून बिजागरी होते: हात वाकतो आणि सरळ होतो. तिसरा सांधा रेडियस आणि अल्ना यांच्यातला. त्याने तळवा उताणा-पालथा होतो. तिन्हींचं कॅप्सूल, म्हणजे सांध्याभोवतीची पिशवी, एकच, म्हणून कोपरात सूज किंवा संसर्ग झाला की दोन्ही प्रकारच्या हालचाली दुखतात.

रेडियसचं डोकं अ‍ॅन्युलर लिगामेंट नावाच्या गोल पट्ट्याने अल्नाला धरलेलं असतं, अंगठीत बोट फिरावं तसं. लहान मुलांत ही अंगठी सैल असते. साधारण एक ते चार वर्षांच्या मुलाला हाताला धरून झटक्याने वर उचललं की डोकं अंगठीतून थोडं निसटतं. मूल हात किंचित वाकवून, पालथा, अंगाशी धरून बसतं आणि तो हात वापरतच नाही. याला पुल्ड एल्बो किंवा नर्समेड्स एल्बो म्हणतात. इथे नर्स म्हणजे मूल सांभाळणारी बाई. डॉक्टर हे काही सेकंदांत बसवतात, पण तुम्ही स्वतः प्रयत्न करू नका. मूल पडलं असेल तर तेच लक्षण फ्रॅक्चरचंही असू शकतं.

हात सरळ, तळवा समोर असताना दंड आणि पुढचा हात (कोपर ते मनगट) एका रेषेत नसतात. पुढचा हात थोडा बाहेर जातो. हा कॅरिंग अँगल, बायकांत जरा जास्त. बादली उचलून चालताना ती मांडीला घासत नाही, त्यात याचा वाटा आहे.

४. स्नायू: आत्ता चार पुरेत

सगळे स्नायू एका दिवसात पाठ करायला बसू नका. बायसेप्स कोपर वाकवतो आणि तळवा उताणा करतो. त्याच्याखाली ब्रेकियालिस, वाकवण्याचं खरं काम करणारा. मागे ट्रायसेप्स, हात सरळ करणारा. आणि ब्रेकिओरेडियालिस: टेबलाखाली मूठ ठेवा, अंगठा वर, आणि टेबल उचलायचा प्रयत्न करा. अंगठ्याच्या बाजूला जो दांडगा पट्टा उठतो तो हा. आता तसंच, पण तळवा वर करून उचला. कोपराच्या समोर मध्यभागी दोरीसारखी ताठ कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी) लागेल. ती बायसेप्सची. तिची जागा नीट लक्षात ठेवा, पुढचं सगळं तिच्यावरून मोजायचं आहे.

एवढंच जोडते: मनगट आणि बोटं मिटवणारे बरेच स्नायू मीडियल एपिकाँडाइलवरून निघतात, उघडणारे लॅटरलवरून. त्यामुळे टेनिस एल्बो अंगठ्याच्या बाजूला दुखतो आणि गोल्फर्स एल्बो करंगळीच्या बाजूला. टेनिस एल्बो व्हायला टेनिस खेळावं लागत नाही, कपडे पिळूनही होतो.

५. समोरचा खळगा: क्युबिटल फोसा

परीक्षेतला लाडका प्रश्न आणि वॉर्डातली रोजची जागा. मैत्रिणीचा हात उताणा टेबलावर ठेवा आणि पेन घ्या.

दोन एपिकाँडाइल जोडणारी रेषा काढा. हा त्रिकोणाचा पाया, आणि तो वर आहे. अंगठ्याच्या बाजूची भिंत ब्रेकिओरेडियालिस. करंगळीच्या बाजूची भिंत प्रोनेटर टेरेस, तळवा पालथा करणारा स्नायू, जो मीडियल एपिकाँडाइलकडून तिरका खाली जातो. दोघे खाली जिथे भेटतात तो शिरोबिंदू. बऱ्याच जणी हा त्रिकोण उलटा काढतात, टोक वर करून. टोक हाताच्या पंजाकडे असतं.

तळाशी ब्रेकियालिस आणि सुपिनेटर (तळवा उताणा करणारा स्नायू). छताला त्वचा, तिच्याखालचा चरबीचा थर आणि त्यातल्या शिरा, मग डीप फॅशिया (स्नायूंवरचं चिवट आवरण), आणि त्याला बळकटी देणारी बायसेप्सची रुंद पट्टी, बायसिपिटल अ‍ॅपोन्युरोसिस.

आता आत काय आहे. करंगळीच्या बाजूकडून अंगठ्याकडे या क्रमाने: मीडियन नर्व्ह, ब्रेकियल आर्टरी, बायसेप्सची कंडरा, रेडियल नर्व्ह. मी यासाठी एक वाक्य केलं होतं: मी ब्रेड-बिस्किट रोज खाते. मी म्हणजे मीडियन, ब्रेड म्हणजे ब्रेकियल, बिस्किट म्हणजे बायसेप्स, रोज म्हणजे रेडियल. म्हणताना बोट करंगळीकडून अंगठ्याकडे सरकवायचं. बोट न सरकवता पाठ केलंत तर परीक्षेत माझ्यासारखं होईल.

कंडरा सापडली ना मगाशी? तिच्या करंगळीच्या बाजूला लागून दोन बोटं ठेवा, हात सरळ करा, हळू दाबा. ठोका लागेल. ती ब्रेकियल आर्टरी. लाल टिंब द्या. तिच्या आणखी आत, करंगळीकडे, मीडियन नर्व्ह. धमनी इथून थोडं खाली, रेडियसच्या मानेच्या पातळीवर, रेडियल आणि अल्नर अशी दुभंगते.

रेडियल नर्व्ह ब्रेकिओरेडियालिसच्या आडोशाला असते, म्हणून काही पुस्तकं खळग्यात तीनच गोष्टी मोजतात. परीक्षेत चारही सांगा आणि "रेडियल नर्व्ह ब्रेकिओरेडियालिसखाली झाकलेली असते" असं जोडा. अल्नर नर्व्ह मात्र या यादीत नाही. ती कोपराच्या मागून जाते, आणि हमखास चुकीचं उत्तर हेच असतं.

त्या बायसिपिटल अ‍ॅपोन्युरोसिसबद्दल थोडं सांगायलाच हवं. वर शीर, खाली धमनी आणि मज्जातंतू, आणि मध्ये ही पट्टी. जुन्या काळी युरोपात कोपराची शीर कापून रक्त काढत, तेव्हा पात्याला धमनीपासून अडवणारी हीच. म्हणून तिला 'देवाची कृपा' म्हणत. आपल्याकडे सुश्रुताने सांगितलेल्या १०७ मर्मांत कोपराचं कूर्पर मर्म आहे. तिथे इजा झाली तर हात अधू होतो, असं त्याने म्हटलं आहे. आपला 'कोपर' हा शब्द त्या 'कूर्पर'वरूनच आला.

६. शिरा: रक्त घेण्याआधी हे वाचा

टूर्निकेट बांधण्यापूर्वी ठोका शोधा. ही सवय पहिल्या दिवसापासून लावा. काही जणांत धमनी वरच दुभंगते आणि तिची एक फांदी त्वचेच्या अगदी जवळून जाते. दिसायला शीर, आणि प्रत्यक्षात धमनी. ठोका फक्त बोटाला कळतो.

मग खळग्याच्या चार-पाच बोटं वर टूर्निकेट बांधा आणि बघा. अंगठ्याच्या बाजूने वर जाणारी सिफॅलिक व्हेन. करंगळीच्या बाजूने बॅसिलिक व्हेन. दोघींना जोडणारी, तिरकी, मधली: मीडियन क्युबिटल व्हेन. निळ्या पेनाने रेखा. सगळ्यांत सारखं चित्र दिसणार नाही. कुणाचं इंग्रजी एच अक्षरासारखं, कुणाचं एमसारखं, कुणाची मधली शीर जवळपास नसतेच. दहा जणांचे हात पाहा, मग पुस्तकातल्या एका चित्रावरचा विश्वास आपोआप सैल होतो.

पहिली पसंती मीडियन क्युबिटलला, आणि त्याची कारणं शरीररचनेत आहेत. ती मोठी आणि वरच्या थरात असते. खोल शिरांशी एका जोडशिरेने बांधलेली असल्याने सुईखालून फारशी सरकत नाही. आणि तिच्याखाली ती 'कृपेची' पट्टी असते. दुसरी पसंती सिफॅलिक. बॅसिलिक शेवटी, कारण ती सरकते आणि ब्रेकियल आर्टरी व मीडियन नर्व्ह त्याच बाजूला आहेत. ठळक दिसते म्हणून नवशिक्या मुली बॅसिलिककडेच वळतात. डोळ्याला जी आवडते ती नाही, बोटाला जी पटते ती शीर निवडा: मऊ, दाबल्यावर पुन्हा वर उसळणारी, ठोका नसलेली. टणक दोरी लागली तर ती कंडरा असेल. हात थोडा वाकवून पाहा, ताण बदलला तर कंडराच.

मगाशी बांधलेल्या टूर्निकेटने आणखी एक गोष्ट दिसते. शिरेवर मध्येमध्ये बारीक गाठी उठतात, त्या झडपा. विल्यम हार्वेने १६२८ मध्ये असाच बांधलेला हात दाखवून सिद्ध केलं की शिरांतलं रक्त हृदयाकडेच जातं. सुई गाठीच्या अगदी तोंडाशी घालू नका.

प्रत्यक्ष घेताना क्रम असा:

- पेशंटला नाव विचारा, कागदाशी जुळवा. हात सरळ, कोपराखाली आधार.
- मूठ आवळायला सांगा, पण सारखी उघड-मीट करायला लावू नका. त्याने पोटॅशियम खोटं वाढलेलं येऊ शकतं.
- ७० टक्के अल्कोहोलने ३० सेकंद पुसा आणि पूर्ण वाळू द्या. ओल्यावर टोचलं की आग होते आणि जंतूही पुरते मरत नाहीत. पुसल्यावर शीर पुन्हा चाचपू नका.
- खालून अंगठ्याने त्वचा ताणून धरा. सुईचं तोंड वर, कोन ३० अंश किंवा त्याहून कमी. उभी सुई पट्टी पार करून खाली जाते.
- रक्त यायला लागलं की टूर्निकेट सोडा. एक मिनिटाच्या वर बांधून ठेवू नये.
- टूर्निकेट सुटलंय ना ते बघा, मगच सुई काढा. कापूस दाबा, हात सरळ ठेवून. कोपर वाकवून कापूस धरायची जुनी सवय सोडा, त्याने रक्त साकळून निळं होतं.
- सुईला टोपण परत लावू नका, सरळ शार्प्स डब्यात. नळीवर नाव पलंगाशेजारीच लिहा.

आता सापळे. माझ्या हातून एकदा बॅसिलिकच्या बाजूला सुई खोल गेली आणि त्या मावशी ओरडल्या, "बोटात करंट गेला!" मी घाबरून सुई तिथेच हलवत राहिले. ते करायला नको होतं. झटक्यासारखी कळ बोटांपर्यंत गेली की सुई मज्जातंतूजवळ आहे असं समजा, त्या क्षणी टूर्निकेट सोडून सुई काढा, दाब द्या, सिस्टरना सांगा आणि नोंद करा. मावशींच्या झिणझिण्या थोड्या वेळाने गेल्या, पण त्या ओरडण्याने मी हा खळगा पुन्हा पहिल्यापासून शिकले.

लाल भडक रक्त उसळ्या मारत आलं तर धमनी लागली आहे. सुई काढून किमान पाच मिनिटं सलग दाबून धरा, मध्ये उचलून बघायचं नाही. आणि शीर सापडत नसेल तर आत सुई डावी-उजवी फिरवून शोधू नका. मऊ लागलं म्हणून कोपराने खणू नये म्हणतात. पेशंट गप्प बसलाय म्हणून दहादा टोचू नये. दोनदा जमलं नाही की दुसऱ्याला बोलवा.

या हातांना हात लावण्याआधी विचारा: डायलिसिसचा फिस्टुला, म्हणजे ऑपरेशनने एकमेकींना जोडलेली शीर आणि धमनी, असलेला हात (कोपराजवळ बोट ठेवलं तर थरथर जाणवते), स्तनाच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या असतील ती बाजू, सलाइन चालू असलेला हात, भाजलेला किंवा सुजलेला हात. फिस्टुलाच्या हातावर बीपीसुद्धा नाही.

आणि सलाइनची कॅन्युला (शिरेत ठेवायची बारीक नळी)? इमर्जन्सीत कोपरात घालतात, कारण शीर मोठी आणि लगेच मिळते. पण दोन दिवस ठेवायची असेल तर पुढच्या हातावर शोधा. कोपर दर वेळी वाकलं की कॅन्युला मुडपते, आणि पेशंटला धड जेवताही येत नाही.

७. बीपी: तोच लाल ठिपका

पाच मिनिटं बसवा, पाठीला टेका, हात हृदयाच्या पातळीवर, तळवा वर. हात खाली लोंबकळत असेल तर आकडा वाढून येतो. टेपने दंडाचा घेर मोजा. साधारण २७ ते ३४ सेंमी असेल तर नेहमीचा मोठ्या माणसाचा कफ चालतो. लहान कफ जाड दंडाला बांधला की बीपी खोटं जास्त दिसतं, आणि अशा खोट्या आकड्यावर माणसाला गोळी सुरू होऊ शकते. म्हणून टेप काढायला लाजू नका, काढाच.

कफची खालची कड खळग्याच्या दोन-तीन सेंमी वर असू द्या, रबरी नळ्या धमनीच्या रेषेत. आधी मनगटावरच्या ठोक्यावर बोट ठेवून हवा भरा. ठोका जिथे नाहीसा होतो त्याच्या ३० वर न्या. मग स्टेथोस्कोप कंडरेच्या करंगळीच्या बाजूला, त्या लाल ठिपक्यावर. कफच्या आत खुपसू नका, जोरात दाबू नका. सेकंदाला दोन-तीन मिलिमीटर या गतीने सोडा. पहिला ठक् आवाज सिस्टॉलिक (बीपीचा वरचा आकडा), आवाज पूर्ण बंद होतो तो डायस्टॉलिक (खालचा). हे आवाज निकोलाय कोरोटकॉफ या रशियन सर्जनने १९०५ मध्ये सांगितले आणि त्याच्याच नावाने ओळखले जातात. आवाज नाहीच आला तर आकड्याचा अंदाज लिहू नका. कफ पूर्ण सोडा, मिनिटभर थांबा, धमनी पुन्हा शोधा. दहापैकी नऊ वेळा आपलंच बोट चुकलेलं असतं.

तान्ह्या बाळाची नाडी सीपीआरच्या वेळी याच धमनीवर बघतात, दंडाच्या आतल्या बाजूला, खांदा आणि कोपर यांच्या मध्ये.

८. मागची बाजू, आणि पडून असलेला पेशंट

मीडियल एपिकाँडाइलच्या मागच्या खाचेत हलकेच बोट फिरवा. दोरीसारखं सरकणारं जे लागतं ती अल्नर नर्व्ह. दाराला कोपर आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात त्या हिच्यामुळे. इथे तिच्यावर स्नायूचं पांघरूण नाही, हाड आणि त्वचा यांच्यामध्ये ती उघडीच आहे.

पुस्तकात याला दोन ओळी असतात, वॉर्डात मात्र ही रोजची गोष्ट आहे. बेशुद्ध, पॅरालिसिस झालेला किंवा भूल दिलेला पेशंट कोपर घट्ट वाकवून, हात पालथा ठेवून कडक गादीवर तासन् तास पडला की नर्व्ह दबते. त्याला सांगता येत नाही. शुद्धीवर आल्यावर करंगळी आणि अनामिकेचा अर्धा भाग बधिर झालेला असतो, बोटं फाकवता येत नाहीत. त्यामुळे कूस बदलताना कोपरंही बघा: फार वाकवलेलं नको, हात उताणा किंवा अंगठा वर, खाली मऊ उशी, पलंगाच्या लोखंडी कडेला टेकलेला नको. ओलेक्रेनॉनवरची त्वचा लाल झाली आहे का तेही पाहा. तिथे बेडसोर होतो, आणि सगळे कंबरच तपासतात.

९. प्लॅस्टरमधलं लेकरू

झाडावरून, झोक्यावरून किंवा गच्चीच्या पायरीवरून पसरलेल्या हातावर पडलेली पाच-सात वर्षांची मुलं ऑर्थोच्या वॉर्डात येतात. ह्यूमरस कोपराच्या जरा वर मोडलेलं असतं: सुप्राकाँडायलर फ्रॅक्चर. हाडाचं वरचं अणकुचीदार टोक पुढे येतं, आणि पुढे काय आहे ते आता तुम्हाला माहीत आहे. मी ब्रेड-बिस्किट रोज खाते.

धमनी दबली किंवा सूज बंद प्लॅस्टरमध्ये अडकली की पुढच्या हाताच्या स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो. काही तासांत स्नायू मरतात आणि बोटं कायमची आखडतात. रिचर्ड फॉन फोल्कमान या जर्मन सर्जनने १८८१ मध्ये वर्णन केलेलं हे आखडणं आजही होतं. गावाकडून आधी हाडवैद्याकडे जाऊन, घट्ट पट्ट्या बांधून आलेलं मूल असेल तर जास्तच जपा. कोपराला मार लागल्यावर तेलमालिश करू नये, हेही आईवडिलांना शांतपणे सांगा. त्याने स्नायूत हाड धरून सांधा कायमचा जखडू शकतो.

रात्रपाळीत दर तासाला, किंवा डॉक्टरांनी सांगितलं असेल त्याप्रमाणे, हे बघा: बोटांचा रंग, ऊब, नख दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत परत येणारी लाली, मनगटाचा ठोका लागत असेल तर तो, आणि बोटांची हालचाल. हालचाल बघायला मुलाशी दगड-कागद-कात्री खेळा. दगडाची मूठ मीडियन नर्व्हची, कागदासाठी बोटं उघडणं रेडियलचं, कात्रीसाठी बोटं फाकवणं अल्नरचं. शेवटी अंगठा आणि तर्जनीची गोल 'ओके' खूण करायला सांगा; ती मीडियनच्या खोल फांदीची, आणि या फ्रॅक्चरमध्ये तीच सगळ्यात जास्त दुखावते. मूल खेळता खेळता करतं आणि तुमची तिन्ही मज्जातंतूंची आणि त्या फांदीची तपासणी होते.

सगळ्यात आधी येणारं लक्षण म्हणजे दुखणं. औषध दिल्यावरही वाढत जाणारं, आणि तुम्ही बोटं हळूच सरळ केलीत की मूल किंचाळतं असं. ठोका जाणं फार उशिरा होतं, त्याची वाट बघू नका. "मूल हट्टी आहे, रडतंय" असं कुणी म्हणालं तरी बोटं सरळ करून स्वतः पाहा. दुखलं तर रात्रीचे तीन वाजले असले तरी डॉक्टरांना लगेच बोलवा, हात हृदयाच्या पातळीवर ठेवा, उंच टांगू नका, प्लॅस्टर कापायचं सामान पलंगाशी आणून ठेवा. मग वेळ घालून लिहा: किती वाजता पाहिलं, बोटांचा रंग काय होता, कोणतं बोट हललं नाही, कुणाला किती वाजता कळवलं.